बार तळापासून उचला

त्र्यंबकेश्वर तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन विहीर गाठतात. भरलेला हंडा आधी गुडघ्यावर येतो, मग चुंबळीवर. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. तो जमिनीवर गप्प बसलेला असतो आणि तिथूनच उचलावा लागतो. भाताची गोणीही तशीच.

जिममध्ये आपण उलटं करतो. बार खांद्यावर घ्यायचा, झपकन खाली बसायचं आणि तळाला उसळी घेऊन वर यायचं. खाली जाताना स्नायू आणि स्नायूबंध रबरासारखे ताणले जातात, ती साठलेली ताकद वर येताना हाताशी येते. उसळी वाईट नाही. पण ती निघून गेली की तुमच्या पायांत खरं काय आहे ते कळतं, आणि बहुतेकांचं वजन तिथे बरंच कमी भरतं.

म्हणून मित्रांनो, आठवड्यातला एक दिवस तळापासून सुरुवात करा. रॅकच्या सेफ्टी दांड्या खाली लावा, बार त्यांवर ठेवा, त्याच्याखाली शिरून बसा. श्वास भरा, पोट आवळा, मग उठा. बार परत दांड्यांवर टेकू द्या. नुसता स्पर्श नको, पूर्ण टेकू द्या. अमेरिकेचा पॉल अँडरसन, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, सुरुवातीला खड्ड्यात उभा राहून वर आडवा ठेवलेला बार उचलायचा, असं सांगतात. पुढे खड्ड्यात थोडी थोडी माती टाकत गेला, तसतसं त्याला अधिक खाली वाकावं लागलं. तुम्हाला माती नको. दांड्या आधी वरच्या भोकात लावा, पंधरवड्याने एकेक भोक खाली आणा.

बेंच प्रेसलाही हेच. दांड्या छातीच्या किंचित वर असल्या तर थकल्यावर बार अंगावर येत नाही, आणि एकटे व्यायाम करणाऱ्यांसाठी मला हा फायदा ताकदीपेक्षाही मोठा वाटतो. डेडलिफ्टमध्ये प्लेट जमिनीवर आपटून पुढची रेप उचलू नका.

वेटलिफ्टिंगच्या दोन्ही प्रकारांत बार जमिनीवरूनच निघतो. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य मिळवलं. स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो. पुढचा प्रयत्न करताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. इतका तयार गडी जखमी होतो, तर आपण घाई कशाला करायची?

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या पायऱ्या रोज चढणाऱ्याचे पाय दणकट असतात, तरी मांडी घालून बसलेला तोच माणूस साठीनंतर हात टेकून उठतो. अशा वयाच्या माणसांनी बारच्या नादी न लागता खुर्चीच्या काठावर बसून, क्षणभर थांबून, हातांचा आधार न घेता उठावं. खुर्ची सोपी झाली की तिच्याहून बुटकं स्टूल घ्यावं. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि श्वास कोंडून जोर लावू नका.

बाकीच्यांनी रिकाम्या 20 किलोच्या बारपासून सुरुवात करावी. 3 रेपचे 5 सेट पुरे. पाठ वाकायला लागली तर तो सेट तिथेच सोडा, वजन उतरवा. सगळं सरळ जमलं तर पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो चढवा, आणि प्रत्येक रेपनंतर बार टेकला की दोन आकडे मोजून मगच पुन्हा उठा.