कौशल्याचा खेळ, पण कोणाच्या खिशावर?

संसदेने २१ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा, पैसा लागला की बंदी. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पोकर, रमी आणि फँटसी क्रिकेटचे पैशांचे खेळ लगेच थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून स्वतःकडे घेतल्या.

विषय संपला असे वाटेल, पण तो संपलेला नाही. देशी अ‍ॅप बंद झाले तरी परदेशातून चालणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या लिंक मोबाईलवर फिरतात आणि ‘नवशिक्यांसाठी पोकर’ शिकवणारे व्हिडिओही फुकट मिळतात. आपल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत, वस्तीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मुलांच्या हातातही तोच मोबाईल आहे. म्हणून या खेळाकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटते. नुसते ‘जुगार वाईट’ म्हणून तरुण ऐकत नाहीत. ते म्हणतात, हा जुगार नाही, यात डोके लागते. हा मुद्दा खोटा नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आधी खेळ समजून घेतला पाहिजे.

ज्यांनी तीन पत्ती पाहिली आहे त्यांना पोकर समजायला वेळ लागत नाही. सर्वांत प्रचलित प्रकार ‘टेक्सास होल्डेम’. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मध्यभागी सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. सातांपैकी पाच पत्त्यांचा ज्याचा हात सर्वांत मोठा, तो मधली रक्कम, म्हणजे पॉट, नेतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पॅक करायचे. समोरच्याने घाबरून पॅक केले तर हलक्या पत्त्यांवरही डाव जिंकता येतो.

यातले गणित खरे आहे आणि सुंदरही आहे. समजा, तुमच्याकडे बदामाचे चार पत्ते जमले आहेत आणि शेवटचा एक पत्ता उघडायचा आहे. तुम्ही सहा पत्ते पाहिलेत, ४६ पाहिलेले नाहीत. त्यांत बदामाचे नऊ. म्हणजे पाचवा बदाम येण्याची शक्यता पाचात एकाहून थोडी कमी. आता पॉटमध्ये १५० रुपये आहेत आणि डावात राहायला तुम्हाला ५० घालायचे आहेत. चार वेळा असे केले तर २०० रुपये जातील आणि एकदा जिंकल्यावर २०० मिळतील. म्हणजे चारात एकदा जिंकलात तरच बरोबरी होते. तुमची शक्यता त्याहून कमी आहे, म्हणून सहसा पॅक करावे. नवशिका मात्र ‘एवढे आलोच आहोत तर बघू’ म्हणून पैसे घालतो. जाणकार त्याच चुकीवर कमावतो. अमेरिकेतल्या एमआयटीत पोकरच्या गणितावर अभ्यासक्रम घेतला गेला, तो यामुळेच.

न्यायालयेही या प्रश्नावर एकमताची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर जुगारात मोडतो असे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी आणि पोकर दोन्ही कौशल्याचे ठरवले. आपल्या राज्यात अजून १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. कंपन्यांनी इतकी वर्षे ‘कौशल्य’ या एका शब्दावर धंदा केला.

पण कौशल्य आहे म्हणजे कुशल माणूस लवकर जिंकेल, हे खरे नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणक कार्यक्रमाचा सामना चार नामवंत व्यावसायिक खेळाडूंशी झाला. श्रेष्ठ कोण हे ठरवायला १,२०,००० डाव खेळवले गेले, कारण थोड्या डावांत नशीबच वरचढ ठरते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. रोज चार तास बसले तर तेवढे डाव व्हायला एक हजार दिवस लागतील. तोवर तुमचा खिसा टिकला पाहिजे. कौशल्याची जाहिरात करणारे हा खिशाचा मुद्दा सांगत नाहीत.

गणितात याचा साधा नियम आहे. दोघे जण नाणे उडवून रुपया-रुपया लावतात. नाणे अगदी खरे, कोणाची लबाडी नाही. एकाकडे १,००० रुपये आहेत, दुसऱ्याकडे ९,०००. एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचे ठरले, तर १,००० वाला कंगाल होण्याची शक्यता ९० टक्के आहे. नियम दोघांना सारखे आहेत, तरी निकाल जवळजवळ आधीच ठरलेला आहे. सारखे नियम म्हणजे सारखी संधी नव्हे, हे आपल्या चळवळीला वेगळे सांगायला नको. ज्याच्या घरी जमीन, दुकान किंवा दोन पिढ्यांचा पगार आहे, तो वाईट महिना सोसून पुन्हा टेबलावर येतो. शिष्यवृत्तीच्या किंवा खोलीभाड्याच्या पैशांनी बसलेला मुलगा एका वाईट रात्रीत बाहेर पडतो. त्याचे डोके कमी असते असे नाही. त्याला चुकायला जागा कमी असते.

शिवाय टेबल चालवणारा असतोच. अड्ड्यावर ज्याला नाल म्हणतात, त्यालाच पोकरमध्ये रेक म्हणतात. समजा, सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. सरासरी पॉट १०० रुपयांचा, त्यातून ५ टक्के कापले, तर डावाला पाच रुपये गेले. मोबाईलवर तासाला ६० डाव झाले तर ३०० रुपये. सहाही जण सारख्याच ताकदीचे असले, तरी टेबलावरचे सगळे ६,००० वीस तासांत टेबलवाल्याकडे जमा होतात.

मग आशा कुठून येते? २००३ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या एका साध्या अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून पुढे जात पोकरची जागतिक स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर जगभर पोकरची लाट आली. पण त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. बाकी ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या जाहिरातीही अशाच एका विजेत्याचा चेहरा दाखवत आल्या. सरकारच्याच अंदाजानुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक पैशांच्या ऑनलाइन खेळांत वर्षाला जवळपास २०,००० कोटी रुपये गमावत होते.

सरकारलाही प्रश्न विचारायला हवेत. मोबाईलवरचा पोकर बंद, पण गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर परवान्याने पैशांचे डाव चालतात. महाराष्ट्र सरकार १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवते. गरिबाच्या नुकसानीची खरीच काळजी असेल, तर धोरण एक हवे. बंदीने देशी कंपन्या थांबल्या, पण बुडालेल्या मुलाचे कर्ज तसेच आहे. परदेशी साइटने जिंकलेले पैसे अडवले, तर दाद मागायलाही जागा उरत नाही.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल या गृहस्थपुत्राला जुगाराचे सहा तोटे सांगितले, ते दीघनिकायात आहेत. त्यांत पैसा जातो हे आहेच, पण जिंकणारा वैर कमावतो आणि सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, हेही आहे. कार्यकर्त्याकडे शब्दाखेरीज असते तरी काय?

म्हणून तरुणांना आमचे सांगणे असे. पोकर शिकायचा असेल तर जरूर शिका, पण काड्या नाहीतर चिंचोके लावून. अभ्यासिकेत संभाव्यतेचा धडा म्हणून शिका. पत्ते पिसा, ४६ पैकी नऊ म्हणजे किती ते मोजा, शंभर डावांची वही ठेवा आणि नशीब किती हेलकावे खाते ते डोळ्यांनी पाहा. स्पर्धा परीक्षेच्या गणितालाही ते उपयोगी पडेल. पैशांच्या टेबलाची, परदेशी साइटची लिंक आली तर पुढे पाठवू नका.

कार्यकर्त्यांनी एक काम करावे. वस्तीत कोणी यात अडकला असेल, तर त्याला चारचौघांत लाज वाटेल असे बोलू नका. तो आधीच लपवतो आहे आणि लपवण्यातूनच नवे कर्ज होते. त्याच्यासोबत बसा, देणे किती ते कागदावर मांडा, घरच्यांना सांगायला मदत करा. मन खचले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर ताबडतोब कळवा.

आपल्या आई-बापांनी घामाचा पैसा शिक्षणाला लावला. तोही एक डावच होता, पण त्यात नाल कापणारा कोणी नव्हता आणि मिळालेले पुन्हा कोणी जिंकून नेऊ शकत नाही. तो पैसा तिथेच लागला पाहिजे.

जय भीम.