चोरबाजार : इमारती उभ्या राहतील, बाजाराचे काय?

कोणत्याही शहराचा इतिहास शोधू जाणारा अभ्यासक प्रथम वळतो तो किल्ल्यांकडे, राजवाड्यांकडे आणि सरकारी दप्तरखान्यांकडे. ज्या घरांत राजे राहिले नाहीत आणि ज्यांच्या पेटाऱ्यांत सनदा नव्हत्या, अशा लाखो सामान्य कुटुंबांच्या इतिहासाचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईपुरते त्याचे उत्तर बऱ्याच अंशी भेंडीबाजारालगतच्या मटण स्ट्रीट नावाच्या गल्लीत सापडते. बिऱ्हाडे मोडली, चाळी पडल्या, मुले उपनगरांत किंवा परदेशी गेली, म्हणजे माळ्यावरचे पितळी डबे, अडकित्ते, लंबकाची घड्याळे, ग्रामोफोनचे कर्णे आणि काचेच्या हंड्या हळूहळू या गल्लीच्या वाटेला लागतात. जगात ही गल्ली ‘चोरबाजार’ म्हणून ओळखली जाते. आज या बाजाराच्या भवितव्याविषयी जी अनिश्चितता निर्माण झाली आहे तिचा विचार करताना या नावापासूनच आरंभ करणे उचित ठरेल.

मूळ नाव ‘शोर बाजार’ होते, इंग्रजांच्या तोंडी ‘शोर’चा ‘चोर’ झाला, अशी एक व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. व्हिक्टोरिया राणीचे व्हायोलिन जहाजावरून उतरविताना नाहीसे झाले आणि शोध घेता ते याच बाजारात विक्रीस मांडलेले आढळले, अशीही एक कथा आहे. राणी आयुष्यात एकदाही हिंदुस्थानात आली नाही. परंतु कथेला त्याची फिकीर नसते. मोटार उभी करून गल्लीत शिरलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्याच मोटारीचे चाक विकले गेले, ही तर प्रत्येक पिढीने नव्याने सांगितलेली गोष्ट. या कथांत विनोद आहे आणि गिऱ्हाइकाला सावध करण्याचा उपयोगही आहे. पण त्या आणखी एक काम करतात. आजीचा पानपुडा किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या तराजूत टाकणारा सुशिक्षित गृहस्थ आणि तोच पानपुडा घासूनपुसून काचेच्या कपाटात मांडणारा दुकानदार, या दोघांपैकी ‘चोर’ हे विशेषण दुसऱ्याच्या वाट्याला येते! वारशाची किंमत ज्याने ओळखली नाही तो सभ्य, आणि ज्याने ओळखली तो संशयित, असा हा न्याय आहे.

संशयाला मुळीच आधार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. जुन्या मालाच्या प्रत्येक बाजारात चोरीचा माल शिरण्याचा धोका असतो, म्हणूनच चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा पूर्वीच्या भारतीय दंडविधानात गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. नव्या वस्तूला जुनेपणाचा गंज चढवून विकण्याची कलाही या गल्लीला अवगत आहे. परंतु चार-दोन लबाड्यांवरून संपूर्ण व्यवसायाची पारख करणे हे, भेसळ करणारा एक वाणी सापडला म्हणून सगळी वाणगल्ली बदनाम करण्यासारखे आहे.

वस्तुतः या बाजाराचे मोठेपण मालात नसून तो माल जेथून येतो त्या माणसांच्या साखळीत आहे. दारोदार फिरणारा रद्दीवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, पडत्या वाड्याची लाकडे लिलावात घेणारा ठेकेदार, दारूखान्यात जहाजे मोडणारा मजूर हे या साखळीचे एक टोक. जहाजांवरचे पितळी कंदील आणि होकायंत्रे शहराच्या मध्यभागी पोहोचतात ती त्यांच्यामुळे. दुसऱ्या टोकाला संग्राहक, चित्रपटांचे कलादिग्दर्शक, हॉटेलांची सजावट करणारे आणि परदेशी पर्यटक असतात. या दोहोंच्या मध्ये दुकानदार आहे, आणि त्याच्या मागे कोणाच्याही दृष्टीस न पडणारा कारागीर. घड्याळाची तुटलेली कमान बसविणारा, ग्रामोफोनचा आवाज पुन्हा जागा करणारा, सागवानाला हाताने पॉलिश चढविणारा हा माणूस कोणत्याही तंत्रनिकेतनात शिकलेला नसतो. पितळेचे वजन हातावर जोखून, लाकडाचा सांधा आणि स्क्रूची आटी पाहून वस्तूचे वय सांगण्याची विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे आली आहे. तिचे पुस्तक नाही. ती गल्ली हेच तिचे विद्यालय.

शुक्रवारी तर या परिसराचे रूपच पालटते. पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो. पहाट होण्यापूर्वीच बॅटरीच्या उजेडात पथाऱ्या पसरल्या जातात व दुकानदार स्वतःच गिऱ्हाईक होऊन त्यांवर वाकतात. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराचाही धर्म थोडाफार हाच आहे. गरिबाला तेथे स्वस्तात वापरण्याजोगी वस्तू मिळते आणि जाणकाराला दुर्मीळ वस्तू मिळते. एकाच पथारीवर दोघांचीही सोय होते, असे दुसरे ठिकाण आजच्या शहरात शोधून सापडणे कठीण.

या साखळीने काय वाचविले हे पाहण्यासाठी एकच उदाहरण पुरे. १९३१ साली आलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांपैकी बहुसंख्य असेच नष्ट झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर अर्धशतकाचा चित्रपट हातून निसटला होता. अशा चित्रपटांची आठवण जी काही उरली ती बऱ्याच वेळा भित्तिपत्रके, गाण्यांच्या चोपड्या आणि छायाचित्रे या कागदांतून उरली, आणि रद्दीच्या गठ्ठ्यातून असे कागद निवडून बाजूला ठेवण्याचे काम जुन्या बाजारांनी केले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा मुद्रणालयाची देवादिकांची चित्रे, किंवा लाखेच्या तबकड्यांवरील नाट्यगीते यांचीही कहाणी याहून फारशी वेगळी नाही.

घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारी दृष्टी महाराष्ट्रात नव्हती असे नाही. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे-खिडक्या जमविल्या व अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेला तो संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतील अल्प भागच प्रेक्षकांसमोर मांडता येतो. एका व्यक्तीच्या ध्यासाने जे घडले ते शासकीय यंत्रणेला धोरण म्हणून अंगीकारता आले नाही. मग उरलेले काम बाजाराने, स्वतःच्या नफ्यासाठी का होईना, केले.

कायद्याचे या बाजाराशी असलेले नातेही तपासून पाहण्याजोगे आहे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ साली अंमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना तो पुरावस्तू मानतो. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत व त्यांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. देवळांतील मूर्ती परदेशी जात असता हा कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु शंभर वर्षांची ही रेषा स्थिर नसून दरवर्षी पुढे सरकते. १९२५ साली घडलेली कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक स्वारस्याची वस्तू २०२५ साली या व्याख्येच्या कक्षेत आली. मूर्ती आणि ताम्रपट डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कायद्याच्या दारात आता यंत्रयुगातील घरगुती सामान उभे आहे. उलट साठ-सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू, मग ती कितीही दुर्मीळ असो, कायद्याच्या दृष्टीने निव्वळ जुना माल. म्हणजे वस्तूच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ, जेव्हा ती टाकाऊ ठरलेली असते पण प्राचीन झालेली नसते, तो तिने भंगारवाल्याच्या आणि दुकानदाराच्या आश्रयाने काढावयाचा असतो. हा आश्रयच नाहीसा झाला तर शंभरी गाठण्यापूर्वीच ती भट्टीत वितळेल.

आणि हा आश्रय आता डळमळू लागला आहे. त्याचे कारण समजून घ्यायचे तर भाड्याच्या प्रश्नाकडे वळावे लागते. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली; पण मूळ रक्कमच नगण्य असल्याने फरक पडला नाही. या स्वस्त भाड्यावरच जुन्या वस्तूंचा धंदा टिकला. किराणा मालाची उलाढाल आठवड्याची असते, एखाद्या झुंबराला मात्र गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षे जातात, आणि तोवर त्याला टांगून ठेवण्याची जागा महाग असून चालत नाही. पण ज्या भाड्याने बाजार जगविला त्यानेच इमारती खचविल्या. मालकाला डागडुजी परवडेना व भाडेकरूला जागा सोडवेना. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर ‘सारे जसे आहे तसेच राहू द्या’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही. पडक्या जिन्यांचे कौतुक दुरून पाहणाऱ्यानेच करावे. ते रोज चढणाऱ्याला ते परवडत नाही.

म्हणूनच सैफी बुऱ्हाणी न्यासाने २००९ पासून हाती घेतलेला सुमारे साडेसोळा एकरांचा पुनर्विकास केवळ नाके मुरडण्याचा विषय होऊ शकत नाही. अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती पाडून तीन हजारांहून अधिक कुटुंबांना व बाराशेच्या वर दुकानदारांना मालकी हक्काची जागा देण्याची ही योजना असून तिच्या पहिल्या टप्प्यातील मनोरे उभे राहिले आहेत. या कामाबरोबर चोरबाजाराच्या भवितव्याचीही चर्चा सुरू झाली, आणि परिसराचे वाढते भाव पाहता ती थांबण्याची चिन्हे नाहीत. प्रश्न एवढाच आहे की, अशा योजनांच्या हिशेबात चौरस फूट मोजले जातात, नाती मोजली जात नाहीत. कागदपत्रे असलेल्या दुकानदाराला गाळा मिळेल. पण ओट्यावर बसणारा कारागीर, पोटभाड्याने राहणारा पॉलिशवाला आणि शुक्रवारचा पथारीवाला यांची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? नव्या गाळ्याला देखभालीचा मासिक आकार पडणार. वर्षभर न विकले जाणारे झुंबर त्या आकाराचे ओझे पेलू शकणार नाही. त्याच्या जागी मोबाइलची आवरणे टांगली जातील. बाजार पाडला असे कोणी म्हणणार नाही. तो आपोआप उठून जाईल.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि त्यांसाठी नवे कायदे करण्याचीही फारशी गरज नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या परिशिष्टात, पन्नास वर्षांहून अधिक काळ जेथे पथविक्री चालत आली आहे असे नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत व तेथील विक्रेत्यांना अन्यत्र हलवू नये, अशी स्पष्ट तरतूद आहे. जुम्म्याचा बाजार त्या कसोटीला उतरत नसेल तर कोणता बाजार उतरेल? पुनर्विकासाच्या आराखड्यात रस्त्याच्या पातळीवरील दुकानांची सलग ओळ राखणे, कारागिरांसाठी सामायिक कारखाना ठेवणे आणि अल्प उलाढालीच्या धंद्यांना देखभालीच्या आकारात सवलत देणे, या गोष्टी वास्तुशास्त्राला अशक्य नाहीत. पुरावस्तूंच्या परवान्याची व नोंदणीची पद्धत छोट्या दुकानदाराला झेपेल इतकी सोपी केली, तर चोरीच्या मालाला आळा बसेल आणि प्रामाणिक माणसाची भीतीही जाईल. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना दप्तरखान्यांबरोबर या गल्लीतही पाठवावे व उस्तादांची विद्या ते हयात आहेत तोवर लिहून घ्यावी.

सुरक्षित घर हवे की जिवंत बाजार, असा पर्याय या वस्तीपुढे ठेवणेच मुळात अन्यायाचे आहे. माणसांना पक्के छप्पर हवे, याविषयी दुमत असू नये. पण ज्या छपराखाली त्यांचा धंदा, त्यांचे शेजार आणि त्यांचे शहाणपण यांना जागा उरणार नाही, त्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही. मुंबईने टाकून दिलेल्या वस्तू या गल्लीने पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या. आता या गल्लीलाच टाकाऊ ठरविण्यापूर्वी शहराने तिचा हिशेब एकदा नीट तपासावा. देणे कोणाकडे निघते, ते त्यातूनच स्पष्ट होईल.