जठराचा क्षोभ आणि हृदयाची लय

जेवणानंतर छातीत धडधड सुरू झाली, की ‘वायू धरला’ असे म्हणून स्वस्थ बसण्याची रीत महाराष्ट्राप्रमाणेच तमिळनाडूतही आहे. चेन्नईच्या बोलण्यात ‘गॅस’ हा शब्द इतका रुळला आहे, की पोटाची जळजळ, छातीवरील दडपण आणि नाडीची अनियमितता या तिन्ही तक्रारी त्या एका शब्दात सामावल्या जातात. हा समज सर्वस्वी खोटा असता, तर त्याचे निराकरण सोपे होते. परंतु त्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

सत्याचा अंश तो कोणता, हे प्रथम पाहू. जठर व हृदय यांच्यामध्ये मध्यपटल नावाचा स्नायूंचा पातळ पडदा तेवढा आहे. अन्ननलिका छातीतून खाली उतरताना हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या अगदी पाठीशी लागून जाते. शिवाय हृदय व पचनेंद्रिये या दोहोंना प्राणेशा नामक एकाच मज्जातंतूच्या शाखा पोहोचतात. पाश्चात्त्य वैद्यक यालाच व्हेगस म्हणते. हा मज्जातंतू उत्तेजित केल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, किंबहुना थांबतातही, हे वेबर बंधूंनी १८४५ साली प्रयोगाने दाखविले. पुढे १९१२ साली लुडविग रोमहेल्ड या जर्मन वैद्याने फुगलेले जठर व हृदयाच्या तक्रारी यांच्या संबंधाचे वर्णन केले. आकंठ भोजन केल्यावर, अतिशय थंड पेय घाईने प्याल्यावर, क्वचित नुसता घास गिळतानाही काहींच्या हृदयाची लय बिघडते. अन्ननलिकेत वारंवार आम्ल चढणे व अलिंदांचे अनियमित कंपन हे दोन विकार एकाच व्यक्तीत पुष्कळदा आढळतात. मात्र पहिल्यामुळेच दुसरा होतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

दुसरा संबंध क्षारांचा आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका हा विद्युत्-व्यापार असून तो पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी क्षारद्रव्यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. जुलाब व वांत्या यांवाटे हे क्षार शरीराबाहेर जातात. चेन्नईत मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रा’च्या दिवसांत घामावाटे आधीच पाणी व मीठ कमी झालेले असते, त्यात अतिसार झाला म्हणजे दुर्बल हृदयाची लय सहज ढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत दर लिटरला दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, ते ही झीज भरून काढण्यासाठीच. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिसरा संबंध औषधांचा. सामान्य माणसास त्याची कल्पनाही नसते. पोटासाठी घेतलेली गोळी हृदयाला बाधू शकते. जठराची हालचाल वाढविणारे सिसाप्राइड हे औषध हृदयाची लय बिघडविते म्हणून अमेरिकेत २००० साली बाजारातून काढून घेण्यात आले व भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. डोंपेरिडोनच्या बाबतीत युरोपीय औषध नियंत्रकांनी २०१४ साली असा निर्बंध घातला, की ते केवळ मळमळ व वांती यांसाठी, अल्प मात्रेत व साधारणतः एका आठवड्यापर्यंतच द्यावे. पोटफुगी वा जळजळ यांसाठी देऊ नये. आपल्या देशात मात्र आम्लरोधकाशी जोडलेल्या डोंपेरिडोनच्या गोळ्या नेमक्या याच तक्रारींसाठी सर्रास घेतल्या जातात. काही आम्लरोधके दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली दिली. म्हणजे ‘गॅस’ समजून वर्षानुवर्षे घेतलेली गोळीच धडधडीचे कारण होण्याचा संभव आहे.

यावरून निष्कर्ष कोणता काढावा? जठर व हृदय यांचा संबंध खरा आहे, म्हणून धडधड पोटाचीच असली पाहिजे, हा तर्क उलटा आहे. हृदयविकाराचा झटकाही जळजळ, मळमळ व ढेकर अशा वेषात येतो. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत तर विशेषच. अलिंदांचे अनियमित कंपन उपेक्षिले, तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत अडकते व पक्षाघात होतो. म्हणून क्रम असा असावा : आधी हृदयाची तपासणी, मग पोटाचा विचार.

ढेकर देणाऱ्या प्रत्येकाचा विद्युत्-हृल्लेख, म्हणजे ई. सी. जी., काढीत बसल्यास रुग्णालये कोलमडतील, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. चेन्नईच्या सेंट्रल स्थानकासमोरील सरकारी रुग्णालयात, ज्याची परंपरा १६६४ सालापर्यंत जाते, आजही गर्दी ओसंडून वाहते. परंतु सर्वांचा हृल्लेख काढा, असे येथे म्हणणे नाही. ज्याला धडधड होते, नाडी चुकते, चक्कर येते वा श्वास लागतो, त्याचा मात्र काढलाच पाहिजे. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागू नये. तमिळनाडू सरकारने २०२१ साली घरोघरी रक्तदाब व मधुमेहाची औषधे पोहोचविणारी ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्’ ही योजना सुरू केली, तर २०२३ साली हृदयविकाराच्या झटक्यावरील प्राथमिक गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवण्याची योजना आखली. गोळ्या जेथे पोहोचतात, तेथे नाडी मोजणारी बोटेही पोहोचावीत. घरी येणाऱ्या कार्यकर्तीने अर्ध्या मिनिटाऐवजी पुरते एक मिनिट नाडी पाहिली, तर अनियमितता बहुधा ध्यानात येईल. याला खर्च नाही.

रुग्णानेही आपली बाजू सांभाळावी. धडधड केव्हा झाली, त्यापूर्वी काय खाल्ले, नाडी किती होती व कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे टिपून ठेवून वैद्यास दाखवावे. कारण हृल्लेख काढतेवेळी लय पुष्कळदा पूर्ववत झालेली असते. छातीत कळ आली, घाम सुटला वा शुद्ध हरपू लागली, तर टिपणाचीही वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तपासणीअंती हृदय निर्दोष ठरल्यास मित आहार, सावकाश भोजन व रात्रीच्या जेवणानंतर लगेच न निजणे, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. मात्र हृदय निर्दोष आहे, हे तपासणीने ठरावे. शेजाऱ्याच्या अनुभवाने किंवा औषधविक्रेत्याच्या अंदाजाने नव्हे.