गुणपत्रिकेने नेमलेले प्रतिनिधी

विद्यार्थ्याने महाविद्यालयात वर्गाबाहेर काय करावे, याबद्दल आपल्या राज्यकर्त्यांचे मत ठाम आहे. त्याने स्नेहसंमेलनात नाचावे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावचा रस्ता झाडावा, वक्तृत्वस्पर्धेत लोकशाहीचे गोडवे गाऊन करंडक आणावा. लोकशाही वापरून पाहण्याचा हट्ट तेवढा त्याने धरू नये.

२८ मार्च १९८९ रोजी ६१वी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील मुलामुलींना देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार मिळाला. पाचच वर्षांनी, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने त्याच मुलामुलींचा आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार काढून घेतला. मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला विद्यार्थी प्राचार्यांनी वर्गाचा प्रतिनिधी नेमायचा. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, छात्रसेना, सेवा योजना यांचे प्रतिनिधी त्यांनीच नेमायचे. दोन विद्यार्थिनीही त्यांनीच नेमायच्या. आणि या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, अशी ही व्यवस्था. मॅट्रिकची गुणपत्रिका पाहून आमदार नेमण्याचा नियम कोणी सुचविला असता, तर हा कायदा करणाऱ्या सभागृहातील किती बाके भरली असती?

हिंसाचार थांबविण्यासाठी हे करावे लागले, असे सांगण्यात आले. हिंसाचार खरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि त्या रक्ताचे डाग सर्वच विद्यार्थी संघटनांवर उडाले. परंतु रोगाचे मूळ कोठे होते? वर्गप्रतिनिधी मुले निवडीत; पुढे अनेक ठिकाणी हे मूठभर वर्गप्रतिनिधी जी.एस. निवडीत आणि विद्यापीठाचा कारभारी निवडण्याचे काम त्याहून थोड्या यू.आर. मंडळींकडे असे. मतदार पाचपंचवीस असले की त्यांना पळविणे, सहलीला नेणे, दम देणे सोपे जाते. पाच हजार असले की ते जमत नाही. तेव्हा मताधिकार वाढविणे हा उपाय होता. सरकारने अप्रत्यक्षपणा तसाच ठेवला आणि काढून घेतले ते मत.

ही चूक होती असे केवळ डावे पक्षच म्हणत नाहीत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली सांगितले की, नेमणुकीची पद्धत सदोष असून ती फार तर हंगामी सोय म्हणून चालवावी. याच समितीने उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांवर रोखला, छापील भित्तिपत्रकांना बंदी केली आणि ७५ टक्के हजेरीची अटही घातली. विद्यार्थ्यांना राजकीय पक्षांपासून तोडण्याचा तिचा आग्रह समाजवाद्यांना मान्य होणारा नाही. पण पैशाला आळा घालून निवडणूक घेता येते, हे तिने दाखविले. महाराष्ट्राने तब्बल दहा वर्षांनी, २०१६ च्या कायद्याने, अध्यक्ष व सचिव थेट विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडण्याची तरतूद केली. कायदा १ मार्च २०१७ ला लागू झाला. निवडणुकीचा कार्यक्रम निघायला २०१९ उजाडले, आणि तोही विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर पुढे ढकलण्यात आला. कोट्यवधी मतदारांची निवडणूक त्याच ऑक्टोबरात पार पडली. महाविद्यालयांची तेवढी राहिली. पुढल्या वर्षी साथ आली आणि दरवाजेच बंद झाले.

यामागचा हितसंबंध उघड आहे. १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना रान मोकळे झाले. संस्थेचा अध्यक्ष आमदार वा माजी मंत्री, कार्यकारिणीत त्याचे सोयरे, संमेलनाच्या व्यासपीठावर त्याचाच पक्ष. आणि फाटकावर पाटी, ‘राजकारणास बंदी’. ही बंदी राजकारणाला नसून दुसऱ्याच्या राजकारणाला असते. निवडून आलेला जी.एस. जिमखाना फीचा हिशेब मागू शकतो, नेमलेला आभारप्रदर्शन करतो.

डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात खानावळीचे बिल वाढले. मुले विचारू लागली की हे का वाढले. उत्तर शोधता शोधता ती तेलाच्या आणि धान्याच्या भावापर्यंत, साठेबाजांपर्यंत, अखेर सचिवालयापर्यंत पोचली. फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, आणि मार्चमध्ये पाटण्याची मुले विधानसभेवर गेली. अर्थशास्त्राच्या कोणत्याही तासाला मिळाले नसते, एवढे शिक्षण त्या भाताच्या ताटाने दिले.

मात्र विद्यार्थी रस्त्यावर आला की तो आपोआप पुरोगामी होतो, असा भाबडेपणा कार्यकर्त्यांनी बाळगू नये. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला, तेव्हा दलित वस्त्या पेटविणाऱ्या आंदोलनाच्या बाजूलाही विद्यार्थी होते. नामांतरासाठी तुरुंगात गेलेलेही विद्यार्थीच. फरक पडला तो त्यांच्यात आधी कोणी काम केले होते, यामुळे.

आणि येथेच आपला हिशेब द्यावा लागतो. मोर्चाची संख्या भरायची असली की आपल्याला महाविद्यालय आठवते; एरवी वर्षभर तिथल्या अभ्यासमंडळाला, भित्तिपत्रिकेला, एकांकिकेच्या तालमीला आपला माणूस फिरकत नाही. मोकळी राहिलेली जागा जातीच्या मेळाव्यांनी आणि देवाच्या मिरवणुकींनी भरली, तर तक्रार कोणाकडे करायची?

शिवाय वर्गाबाहेरचे हे जीवन ज्यांच्या वाट्याला येते, ते कोण असतात? तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलगी दुपारच्या एस.टी.ने गावी परतली नाही, तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवीत नाहीत. तिच्या दृष्टीने चर्चा मंडळ, ग्रंथालय, नाटक, निवडणूक हे सारे बस सुटल्यानंतरचे कार्यक्रम आहेत. रात्र महाविद्यालयात येणारा कामगार मुलगा तर संमेलनाची फी भरतो आणि संमेलन पाहत नाही. प्रतिनिधित्वाचा प्रश्न गुणपत्रिकेने सोडविला, तेव्हा वगळले गेले ते हेच. कारण अर्धा दिवस कामावर घालविणारा मुलगा वर्गात पहिला क्वचितच येतो. सेवा योजनेचे वर्षाला १२० तास भरणेही त्याला जड जाते. नव्या शैक्षणिक धोरणाने अशा उपक्रमांचे श्रेयांक केले आहेत. म्हणजे जे स्वेच्छेने करायचे, त्याचीही आता हजेरीवही झाली, आणि ज्याला सवड नाही त्याचे गुण तेथेही कमी होणार.

तेव्हा येत्या जूनमध्ये प्रत्येक तालुका शाखेने आपल्या महाविद्यालयाकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. जिमखाना व संमेलन निधीचा गेल्या ३ वर्षांचा जमाखर्च फलकावर लावावा. विद्यार्थी परिषदेची निवडणूक कायद्याप्रमाणे कोणत्या तारखेला घेणार, ते जाहीर करावे. आणि मंडळांचे कार्यक्रम शेवटची एस.टी. सुटण्यापूर्वी, तासांच्या मध्ये घ्यावेत. अर्जावर सह्या विद्यार्थ्यांच्या असाव्यात. पक्षाचे शिक्के नकोत. पहिल्या दोन मागण्यांना प्राचार्य संस्थाचालकांकडे बोट दाखवतील. तिसरी त्यांच्या हातातली आहे, तिच्यापासून सुरुवात करावी.