मोठ्याचा खिमा



या अंकाच्या संपादकीयात मी खिमा कसा शिजवायचा ते लिहितोय. मोठ्याच्या मटणाचा खिमा, घरच्या घरी, आपल्या हातानं. कुणी म्हणेल, चळवळीची पानं काय रांधणं शिकवायला आहेत? हो, आहेत. जे कालवण आपल्या आयांनी दार लोटून, आवाज दाबून शिजवलं, ते एकदा छापून आलं पाहिजे. मराठी पाककृतींच्या पुस्तकात अळूच्या फदफद्याला पान मिळतं, पुरणपोळीला चार मिळतात. मोठ्याच्या खिम्याला सहसा एक ओळ मिळत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं जेवण पुस्तकात आणलं, ते २०१५ साली. म्हणजे कालपरवा!

आधी आपल्या घरातला वाद मिटवू. आपल्यातले काही जाणते म्हणतात, बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं, तुम्ही पोरं पुन्हा कशाला धरता? नीट वाचा. मार्च १९२७, महाडची बहिष्कृत परिषद. बाबासाहेबांनी तिथं सोडायला लावलं ते मेलेल्या ढोराचं मांस. गावचं ढोर मेलं की महारानं ओढायचं, फाडायचं आणि त्याचंच मांस हक्क म्हणून घरी न्यायचं. गावानं टाकलेलं ते आपल्या ताटात. तो हक्क नव्हता, दावं होतं. ते तुटलं, कायमचं तुटलं. आपल्या घामाच्या पैशानं कसायाकडून ताजं मटण तोलून आणणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथं कुणी आपल्याला वाढत नाही, आपण विकत घेतो. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी ग्रंथांचे पुरावे देऊन दाखवलं, की ब्राह्मणही एकेकाळी गोमांस खात होते. त्यांनी या प्रश्नाकडे इतिहास म्हणून बघितलं. पाप म्हणून नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: कुणाला खायचं नसेल तर खाऊ नये, जबरदस्ती नाही. पण शेजाऱ्याच्या नाकाला लाजून सोडू नका. लाजेनं सोडलेलं अन्न म्हणजे मागच्या दारानं आत आलेली जात.

आता कायदा. महाराष्ट्रात गाय कापायला बंदी आली ती १९७६ च्या कायद्यानं. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात घातले. कापलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. भाकड बैल विकता येईना म्हणून शेतकरी बसला, कुरेशी बसला, चामड्यावर जगणारा आपला माणूस बसला. परराज्यात कापलेलं गोमांस घरात ठेवणंही गुन्हा केला होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याचा खाजगी मामला, असं कोर्टाला सांगावं लागलं! म्हैस आणि रेडा बंदीत नाहीत. तेव्हा आज आपल्याकडे ‘मोठ्याचं’ म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. परवान्याच्या दुकानातूनच घ्या आणि पावती खिशात ठेवा. दादरीला २०१५ साली घरातल्या मटणाच्या अफवेवर माणूस मारला गेला. पावतीनं जमाव थांबत नाही, पण पोलीस ठाण्यात ती बोलते.

आता चुलीकडे या.

चार माणसांना अर्धा किलो पुरतो. खांद्याचं किंवा मांडीचं मटण घ्या, थोडी चरबी राहू द्या, नाहीतर खिमा कोरडा पडतो. डोळ्यांसमोर काढून घ्या. आधीच काढून ठेवलेला ढीग उचलू नका, खिमा लवकर खराब होतो. मशीनमधून एकदाच, जाडसर. घरी आणला की त्याच दिवशी शिजवा.

तीन कांदे बारीक चिरा. पातेल्यात दोन पळ्या तेल, त्यात तमालपत्र, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा. मग कांदा. घाई करायची नाही, कांदा चांगला तांबूस झाला पाहिजे, खिम्याची अर्धी चव तिथं आहे. बोटभर आलं, दहा-बारा लसूणपाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्या वाटून टाका. कच्चा वास गेला की खिमा घाला आणि आच मोठी करा. उलथन्यानं गुठळ्या फोडत राहा. लाल रंग जाऊन तपकिरी येईल, पाणी सुटेल. ते पाणी पूर्ण आटवा. मग हळद, दोन चमचे तिखट, चमचाभर काळा मसाला, दोन टोमॅटो, मीठ. बाजूनं तेल दिसेपर्यंत परता.

म्हशीचं मटण चिवट असतं, बकऱ्याच्या खिम्यासारखं पंधरा मिनिटांत होत नाही. कपभर गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर पाऊण तास शिजू द्या. कुकर असेल तर पाच शिट्ट्या. दाताखाली मऊ लागला की झाला. बटाटा घालायचा तर शेवटच्या वीस मिनिटांत, मटार शेवटच्या दहा मिनिटांत. महिनाअखेरीला आयांनी घातलेला हा बटाटा चवीसाठी नव्हता, अर्धा किलोत आठ तोंडं भागवायला होता. वर कोथिंबीर, लिंबू. ज्वारीची भाकर असेल तर उत्तम, पाव असेल तरी चालेल.

हे सगळं मी पोरांसाठी लिहिलंय. पोरींना यातलं काही नवीन नाही, त्यांच्या गळ्यात ते लहानपणीच पडलं. आपण इराण्याकडे खिमा-पाव झोडतो, समतेवर दोन तास भाषण ठोकतो आणि घरी येऊन ताटावर बसतो. ताट कुणी मांडलं? जिनं दिवसभर धुणीभांडी केली तिनं. चूल बाईची आणि मोर्चा बाप्याचा, ही वाटणी मनूचीच आहे. ती आपल्या खोलीत चालू ठेवून बाहेर मनुस्मृती जाळण्याला काय अर्थ? येत्या रविवारी कांदा तुम्ही चिरा. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या.

आणि खिडकी. भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी विचारतो, “नॉनव्हेज खाता का?” त्याला मेनू नको असतो, जात हवी असते. म्हणून आपली माणसं खिडक्या लावून शिजवतात, पाहुण्याला ‘मटण’ म्हणून सांगतात, पोराला शाळेच्या डब्यात तो खिमा देत नाहीत. ज्या वस्तीत जिवाला धोका आहे तिथं कुणी फुकट शूर होऊ नये. जीव आधी. पण जिथं धोका नाही, फक्त नाकं मुरडतात, तिथं खिडकी उघडी ठेवा. विचारलं तर नाव सांगा: मोठ्याचा खिमा. आणि एक ताट जास्तीचं वाढा. नाक मुरडणारा कधी ना कधी भुकेला असतोच.

जयभीम!