कळते, पण वळत नाही — ते का?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, खोडवा आणि पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण तो उसापासून दूर नाही. गटात फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. रान चांगले, पाणी पुरेसे, बेणे जातिवंत, तरी एखाद्या सभासदाचे टनेज दर साली खाली येते. लागण वेळेवर नाही, भरणी नाही, खोडव्याचे बुडखे छाटलेले नाहीत. चौकशी केली की शेजारी हळूच अंगठा तोंडाकडे नेऊन खूण करतो. पुढे काही विचारावे लागत नाही.

अशा माणसाबद्दल गावात दोनच मते असतात. कोणी म्हणतो, "माणूस चांगला, पण संगतीनं बिघडला." कोणी म्हणतो, "मनावर घेईल तर उद्या सोडील, पण नियतच नाही." आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. सप्तशृंगी गडावर जाऊन शपथ घेणारा, त्र्यंबकच्या यात्रेत माळ घालणारा मनुष्य त्या घटकेला खोटे बोलत नसतो. त्याला कळते, पण वळत नाही. हे वळणे कोठे अडते, याचा बराच उलगडा आता मेंदूच्या शास्त्राने केला आहे.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांचे सारे काम एकमेकींना निरोप पाठविण्यावर चालते. आपल्या पाटपाण्यासारखेच समजा. कपाळामागचा भाग पाटकऱ्यासारखा आहे. कोणाला पाणी द्यायचे, किती द्यायचे, गेट केव्हा टाकायचे, हे तो ठरवतो. मेंदूच्या खोल भागात सुखाची आणि सवयीची ठिकाणे आहेत. ती सतत मागणी करतात. राग व भीती यांचा भाग वेगळा, आठवणींचा वेगळा, आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो. निरोगी माणसात मागणी कितीही झाली तरी किल्ली पाटकऱ्याच्या हातात राहते.

दारू पोटात गेली की सुखाच्या ठिकाणी डोपामीन नावाचे द्रव्य वाढते आणि "हे पुन्हा कर" असा धडा मेंदू शिकतो. वर्षानुवर्षे हेच चालले की मागणीची चारी रुंद होते आणि पाटकऱ्याकडून येणारी चारी गाळाने भरते. मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंवर स्निग्ध आवरण असते, मोटारीच्या वायरीवर असते तसे. दारूने त्याचीही हानी होते. मग निरोप रेंगाळतो. दुकानाकडे जाणारा रस्ता, संध्याकाळची ती वेळ, जोडीदाराची हाक, एवढ्याने मागणी उसळते आणि "नको" हा निरोप मागून पोहोचतो. पाटकरी जागा असतो, पण त्याचा आवाज गेटापर्यंत जात नाही. रागाला लगाम घालणाराही हाच पाटकरी. घरातल्या मारहाणीचे एक कारण इथे आहे. पण कारण सांगितले म्हणजे मारहाण माफ झाली, असे कोणी समजू नये.

अमेरिकेतील इंडियाना आणि पर्ड्यू विद्यापीठांच्या संशोधकांना २०२० साली आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांच्या घराण्यात दारूचे व्यसन आहे, त्यांचा मेंदू एक काम संपवून विश्रांतीकडे वळताना इतरांसारखा बदल करीत नाही, मग ते स्वतः व्यसनी नसले तरी. याचा अर्थ पिणाऱ्याचा मुलगा पिणारच असा नव्हे. पण अशा घरातील पोरांनी पहिल्या घोटापासूनच जपले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी कोंडून घालून एकाएकी तोडू नये. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. दारू अचानक गेली की हा चेतलेला मेंदू आवरत नाही. हात कापतात, झटके येतात, आणि दोन-चार दिवसांत काहींना भास होऊन भान जाते. यात जीवही जाऊ शकतो. "भूत लागलं" म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. दारूने शरीरातील ब-१ जीवनसत्त्वही कमी होते. त्यामुळे स्मृती कायमची जाऊ शकते. तेही डॉक्टरच्या हाती वेळेवर सुधारते. आणि समाधानाची गोष्ट ही, की दारू सुटल्यावर काही आठवड्यांत, महिन्यांत मेंदू बराच सावरू लागतो. गाळ काढला तर चारी पुन्हा वाहते.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स' संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एखाद्यालाच कसला तरी उपचार मिळतो, असे त्यात आहे. म्हणजे शिव्या सर्वांना मिळतात, औषध एखाद्यालाच.

कोणी म्हणेल, कारखान्याने साखर करावी, ही उठाठेव कशाला? त्यांना आमचे सांगणे असे. एक टन उसामागे साधारण ४० किलो मळी निघते आणि तिच्यापासून नऊ-दहा लिटर मद्यार्क होतो. आज त्यातला मोठा वाटा इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये जातो, ही चांगली गोष्ट आहे. पण देशी दारूही मळीच्याच मद्यार्काची होते. आपल्या धंद्याचा माल ज्या घरात दुःख घेऊन जातो, त्या घराकडे सहकाराने पाठ फिरवू नये.

म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. टोळीला आणि गाडीवानाला खुशालीच्या नावाखाली बाटली देण्याची रीत आपण सभासदांनीच बंद करावी. निवडणुकीतील ओल्या जेवणावळीही तशाच. ज्या सभासदाला स्वतःचा भरवसा वाटत नाही, त्याने शुद्धीवर असताना राजीखुशीने बिलाचे खाते पत्नीबरोबर संयुक्त करून घ्यावे. कारखान्याने उपचाराला जाणाऱ्या सभासदास व कामगारास मदत देण्याचा विषय वार्षिक सभेपुढे आणावा. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची त्यास मोठी मदत झाली. तेथून बरे होऊन कित्येक जण संसाराला लागले.

उपचार घेऊन आलेल्याला मात्र पारावर "आता किती दिवस टिकतो बघू" असे म्हणू नये. त्याच्या पाटकऱ्याचा आवाज अजून क्षीण असतो. काही काळ शेजाऱ्यांनी, भावकीने त्याचा आवाज व्हावे, संध्याकाळी त्याला सोबत करावी. कोणाचे पीक आजारी पडले तर आपण उसाला शिव्या देत नाही, इलाज करतो. माणसाला तेवढाच न्याय द्यावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.