एकाच सहीचा करार

करारात कलमं तीनच होती. डेव्ह ब्रूबेकने पॉल डेस्मंडला कधीही काढून टाकायचं नाही. चौकडीचा म्होरक्या मात्र ब्रूबेकच राहणार. आणि जो काही नफा होईल त्यातले वीस टक्के डेस्मंडचे. कागदावर सही एकट्या ब्रूबेकची. म्हणजे शब्दात अडकला तो एकच, दुसरा मोकळाच. अशा कागदाच्या जोरावर जॅझमधली एक चौकडी १९५१ पासून १९६७ च्या डिसेंबरपर्यंत चालली, जगभर वाजवून आली आणि मग रीतसर विसर्जित झाली. त्यानंतर आठ वर्षं उलटल्यावर, १९७६ च्या मार्चमध्ये, तेच चौघं आपला रौप्यमहोत्सव साजरा करायला पुन्हा रंगमंचावर आले. बंद पडलेल्या दुकानाने पंचविशी साजरी करावी, तशातलाच प्रकार. त्या दौऱ्यातल्या मैफलींची रेकॉर्ड निघाली आणि गेले काही दिवस आमच्या घरात तीच वाजते आहे.

ती ऐकताना सारखा मनात येतो तो हा करार. इतका एकतर्फी कागद करायची वेळ का आली?

दोघांची पहिली गाठ १९४४ ची, सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी छावणीतली. डेस्मंड तिथल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. ब्रूबेक युरोपच्या आघाडीकडे निघालेला. एकदा एकत्र वाजवलं आणि वाटा वेगळ्या झाल्या. युद्धानंतर ब्रूबेक मिल्स कॉलेजात दारियूस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे रचनाशास्त्र शिकू लागला. गुरूवर इतकी भक्ती की थोरल्या मुलाचं नावच दारियूस ठेवलं. रात्री पोटासाठी क्लबात पियानो. तिथे डेस्मंड मधूनच येऊन सामील व्हायचा, आणि दोघांचं जमायचंही फार सुंदर.

मग डेस्मंडने काय करावं? पालो आल्टोजवळच्या एका क्लबातलं काम स्वतः मिळवलं, ब्रूबेकच्या साथीदारांना तिकडे ओढलं आणि ब्रूबेकलाही कमी पैशांत हाताखाली घेतलं. इथवर ठीक. पुढे उन्हाळ्याचं एक बरं काम आलं तेव्हा हा पठ्ठ्या ब्रूबेकला वगळून निघून गेला. वर जाताना जुन्या क्लबातली जागाही त्याला मिळू दिली नाही. ब्रूबेकच्या पदरी बायको आणि दोन लहान लेकरं. दूरच्या एका तळ्याकाठच्या गुत्त्यात पियानो वाजवायचं काम पत्करून त्या कुटुंबाने पत्र्याच्या एका खोलीत दिवस काढले. ब्रूबेक शांत स्वभावाचा, श्रद्धाळू माणूस. पण त्याने बायकोला निक्षून सांगितलं, ‘या माणसाला पुन्हा दारात उभं करायचं नाही.’

दिवस पालटले. ब्रूबेकचं त्रिकूट नावारूपाला आलं, रेडिओवर वाजू लागलं. डेस्मंड तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कुठल्याशा नाचाच्या बँडमध्ये कंटाळत बसला होता. रेडिओवर जुना मित्र कानावर पडला आणि स्वारी थेट सॅन फ्रान्सिस्कोत हजर. दार उघडलं आयोला ब्रूबेकने. नवऱ्याची ताकीद तिला पाठ होती, तरी पाहुण्याचा चेहरा बघून तिला राहवलं नाही. तिने त्याला सरळ घरामागे नेलं. ब्रूबेक तिथे बाळाची दुपटी वाळत घालत होता. दोन्ही हातांत ओली दुपटी, तोंडात चिमटा असेल-नसेल, आणि समोर तो माणूस. डेस्मंडने आर्जवं सुरू केली: तुझी गाडी धुईन, पोरं सांभाळीन, काय म्हणशील ते करीन, फक्त मला घे. ब्रूबेक विरघळला. करार झाला तो यानंतर. दुखावलेल्या माणसाने करार करायचा तर स्वतःच्या बचावाची कलमं घालावीत. इथे दुखावणाऱ्यालाच अभय मिळालं. हा व्यवहार मला अजून नीट उमगलेला नाही, आणि उमगू नये असंही वाटतं.

आयोलाबद्दल आणखी दोन शब्द लिहायलाच हवेत. जॅझ म्हणजे धुराने भरलेले गुत्ते हे समीकरण मोडून चौकडीला कॉलेजांच्या सभागृहांत न्यायचं, ही कल्पना तिची. पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजांना पत्रं लिहीत बसली तीच. ओबरलिनसारख्या कॉलेजांतल्या मैफलींच्या रेकॉर्ड निघाल्या आणि विद्यार्थ्यांनी ही मंडळी डोक्यावर घेतली. १९५४ च्या नोव्हेंबरात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ब्रूबेकचा चेहरा झळकला. डेन्व्हरच्या हॉटेलात सकाळी दारावर टकटक करून तो अंक त्याला दाखवायला आला तो साक्षात ड्यूक एलिंग्टन, जॅझमधला बुजुर्ग. ब्रूबेकला आनंदापेक्षा संकोच वाटला. हा मान आधी एलिंग्टनला मिळायला हवा होता, हे तो पुढे जन्मभर सांगत राहिला.

आता वाजवण्याकडे येऊ. ब्रूबेकचा हात भारी. दोन्ही हातांनी स्वरांचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलून पियानोवर टाकायचे, डाव्या हातात एक स्वरपट्टी तर उजव्यात दुसरीच. पुष्कळ समीक्षकांना हे आदळआपट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर काही ठिकाणी मलाही वाटतं. डेस्मंड नेमका दुसऱ्या टोकाला. अल्टो सॅक्सोफोनवर चार्ली पार्करची छाया पडलेल्या त्या काळात हा माणूस पार्करच्या वाटेला गेलाच नाही. सूर बारीक, कोरडा, कंप जवळपास नाहीच. एकेक स्वर निवडून ठेवलेला. मध्येच एखाद्या जुन्या गाण्याची ओळ अशी पेरायचा की त्या गाण्याचे शब्द आठवून सोबत्यांना हसू फुटावं. कोणी उशिरा आला, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळ्या टिप्पण्या सॅक्सोफोनवरूनच.

या दोघांचं जमतं कसं, हे ऐकायचं तर डेस्मंड गात असताना कान पियानोवर ठेवावा. साथीला बसलेला ब्रूबेक वेगळाच माणूस होतो. डेस्मंडने वाक्य अर्धवट सोडलं की ब्रूबेक ते पुरं करत नाही. तो त्याखाली एक अनपेक्षित स्वरसंगती सरकवतो, आणि त्या अर्धवट वाक्याचा अर्थच बदलतो. आपल्याकडे ख्यालाच्या मागे बसलेला चांगला हार्मोनियमवाला गवयाची जागा पुन्हा वाजवून दाखवत नाही, ती जागा कुठे चालली आहे हे ओळखून वाट मोकळी ठेवतो. तीच जात. शेवटी दोघं बाखच्या थाटात एकमेकांत गुंफलेल्या दोन स्वतंत्र चाली आयत्या वेळी रचायचे. त्यात कोण पुढे आणि कोण मागे, हे मला कितीही वेळा ऐकून सांगता येत नाही.

भांडणं मात्र संपली नव्हती. १९५६ च्या अखेरीस जो मोरेलो ड्रमवर आला. डेस्मंडला हवा होता मागे बसून ब्रशने ताल धरणारा गुमान माणूस. शिकागोच्या ब्लू नोट क्लबात पहिल्याच रात्री ब्रूबेकने मोरेलोला एकट्याने वाजवायला सांगितलं, लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं आणि डेस्मंड तडक रंगमंचावरून निघून गेला. तो राहील किंवा मी, असा निर्वाणीचा खलिता आला. काढून टाकायचं नाही हे कलम होतंच. पण मनधरणी करायची असं कलम नव्हतं. ब्रूबेकने मोरेलोला हलवलं नाही. डेस्मंडही गेला नाही. धुसफूस बराच काळ चालली, मग तीही विरली. आणि अडीच वर्षांनी मोरेलोला भरपूर वाजवता यावं म्हणून खास धून लिहून आणली ती कोणी? याच डेस्मंडने. नाव ‘टेक फाइव्ह’.

त्या धुनेपर्यंतचा रस्ता आपल्या मुंबईवरून जातो. १९५८ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चौकडीला सांस्कृतिक दूत म्हणून पोलंडपासून सिलोनपर्यंत फिरवलं. युजीन राइट हा कृष्णवर्णीय बासवादक नुकताच सामील झाला होता. देशाबाहेर त्याला घेऊन लोकशाहीची जाहिरात करायची, आणि देशात दक्षिणेकडची कॉलेजं त्याच्यामुळेच कार्यक्रम रद्द करायची. दोन वर्षांनी ब्रूबेकने राइटला वगळायला नकार दिला म्हणून ठरलेल्या पंचवीसपैकी तेवीस मैफली बुडाल्या. असो. इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ब्रूबेकने नऊ मात्रांचा एक ठेका उचलला: दोन-दोन-दोन-तीन. मद्रासेत पळणी सुब्रह्मण्य पिळ्ळै यांच्या मृदंगासमोर मोरेलो बसला. आणि मुंबईत ब्रूबेक सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला. खाँसाहेब म्हणजे ‘कोहिनूर’मधल्या ‘मधुबन में राधिका’ची सतार ज्यांची, ते. चार मात्रांच्या चौकटीत वाढलेल्या या मंडळींना इथे सात, दहा, चौदा मात्रा रोजच्या व्यवहारात वापरणारी माणसं भेटली.

पुढच्याच वर्षी ‘टाइम आउट’ ही रेकॉर्ड निघाली. एकही ओळखीचं गाणं नाही, नाचता येईल असा ठेका नाही, मुखपृष्ठावर कलाकारांऐवजी चित्र. कंपनीच्या विक्री विभागाने नाकं मुरडली. याच रेकॉर्डवरच्या ‘टेक फाइव्ह’चे पाच ठोके तीन-दोन असे पडतात. झपतालाची दोन-तीन विभागणी उलटी केली की झालं, त्यामुळे आपल्या तबलजींना त्यात नवल वाटायचं कारण नाही. पण अमेरिकेत ती धून छोट्या रेकॉर्डवर १९६१ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन बसली. डेस्मंडने आणले होते दोन सुटे तुकडे. ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे ब्रूबेकने सांगितलं. स्वतः डेस्मंडला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तिचे सगळे हक्क एखाद्या जुन्या विजेच्या वस्तऱ्याच्या बदल्यात देऊन टाकले असते, असं तो नंतर हसत सांगे. आज ती धून इतक्या हॉटेलांत आणि लिफ्टांत वाजते की ती नीट ऐकणंच अवघड झालं आहे.

म्हणून मला १९७६ ची मैफल जवळची वाटते. मधल्या काळात ब्रूबेक धार्मिक रचनांकडे वळला होता, मुलांना घेऊन नवा संच चालवत होता. डेस्मंड न्यूयॉर्कमध्ये एकटा राहायचा. स्कॉच, सिगारेट, पुस्तकं आणि लिहायचं लिहायचं म्हणत न लिहिलेलं आत्मचरित्र. त्याचं नाव तेवढं ठरलेलं: चौकडीत तुम्ही एकूण किती जण, असा हवाई सुंदरीने विचारलेला प्रश्न! १९७५ मध्ये दोघांनी ड्रम-बासशिवाय युगलवादनाची एक रेकॉर्ड केली. मग हा रौप्यमहोत्सव. मोरेलोची नजर जन्मापासून अधू, आणि याच सुमारास ती पुरती गेली. हे ठाऊक असताना ‘टेक फाइव्ह’मधलं त्याचं एकट्याचं वादन ऐकावं. पूर्वी दिसायची ती चढाओढ तिथे नाही. डेस्मंड कमी बोलतो, ब्रूबेक कमी आपटतो. म्हाताऱ्या मित्रांनी गप्पांत वाक्यं पुरी करण्याची गरज उरू नये, इतकं सगळं सुटसुटीत. ब्रूबेक तेव्हा पंचावन्न वर्षांचा, डेस्मंड एक्कावन्नचा. म्हातारे म्हणावं असं वय नव्हतंच.

त्याच वर्षी डेस्मंडला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं निघालं. यकृत मात्र इतक्या स्कॉचनंतरही ठणठणीत, याचा त्याला कोण अभिमान. १९७७ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये त्याने ब्रूबेकबरोबर शेवटचं वाजवलं. श्रोत्यांना त्याच्या आजाराची कल्पना नव्हती. ३० मे रोजी तो गेला. सॅक्सोफोन त्याने ब्रूबेकच्या मायकेल या मुलाच्या नावे ठेवला होता. मायकेलचा जन्म १९४९ चा. त्या दिवशी दोरीवर चाललेली दुपटी बहुधा त्याचीच. आपल्या रचनांचं मानधन डेस्मंडने अमेरिकन रेड क्रॉसला दिलं.

ब्रूबेक आणखी पस्तीस वर्षं वाजवत-लिहीत राहिला. सॅक्सोफोनला नवी माणसं आली, चांगली आली. ‘टेक फाइव्ह’ झाल्याशिवाय लोक सोडत नसत, तेव्हा तीही वाजवावी लागे. २०१२ च्या ५ डिसेंबरला, ब्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो गेला, तोवर डेस्मंडच्या रचनांपोटी रेड क्रॉसकडे साठ लाख डॉलरांच्या वर रक्कम पोहोचली होती. त्यातला मोठा वाटा त्या एका धुनेचा. रेडिओवरचे निवेदक मात्र अजूनही खुशाल सांगतात, ‘ऐकू या, डेव्ह ब्रूबेकची रचना.’